बी इयेतच्या नावाचं पान

बांडुंग शहरातल्या कॉलेजच्या मागच्या उतारावर एक गल्ली आहे. तिथे कुणी जन्मलं, कुणाची सुंता ठरली, कुणाचं लग्न जमलं किंवा कुणी गेलं, की ती बातमी आधी बी इयेतच्या स्वयंपाकघरात पोचायची आणि मग उरलेल्या जगात. कारण प्रसंग कुठलाही असो, आलेल्या माणसाच्या हातात घरी जाताना बेसेक द्यावा लागतो. बांबूच्या कामट्यांचा विणलेला, झाकणाचा चौकोनी डबा, आत केळीच्या पानावर भात, अंडं, बटाट्याची तिखट भाजी आणि भाजलेल्या खोबऱ्याचा चुरा. हे डबे बी इयेत भरायची. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती ह्या घरात आली, त्याच आठवड्यात सासूने तिच्यापुढे साठ रिकामे बेसेक मांडले. आता ती अठ्ठावन्न वर्षांची होती. मधल्या काळात काय घडलं असं कुणी विचारलं असतं तर तिला खरंच सांगता आलं नसतं. भात घडला.

सगळी गल्ली तिला बी म्हणायची, म्हणजे मावशी. तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा.

प्रत्येक डब्यात भातावर एक चिठ्ठी असते. सुंतेच्या डब्यात मुलाचं नाव, लग्नाच्या डब्यात जोडप्याचं, मयताच्या डब्यात गेलेल्याचं आणि खाली 'यांच्यासाठी प्रार्थना करा'. अशा हजारो चिठ्ठ्या तिने आपल्या हाताने ठेवल्या होत्या. एकीवरही तिचं नाव नव्हतं. चाळीस वर्षं तिला ते खटकलं नाही. एकेचाळिसाव्या वर्षी खटकलं, आणि मग दातात अडकलेल्या खोबऱ्यासारखं निघता निघेना.

"अबाह, एवढा भात वाढला मी. कुणाला माहीत आहे माझं पूर्ण नाव?" एकदा तिने नवऱ्याला विचारलं.

अबाह उजू एका कानाने पूर्ण आणि दुसऱ्याने सोयीनुसार बहिरे होते. अंगणातल्या कबुतरांकडे बघत ते म्हणाले, "दिलेत. सकाळीच दिलेत दाणे."

अशात एके दिवशी मेइस्के तिच्या दारात उभी राहिली. ही मुलगी दूरच्या बेटावरच्या मिनाडोची, तीन वर्षांपूर्वी इथे डिझाइन शिकायला आलेली. मिनाडोच्या बंदरात पलीकडच्या होडीवरच्या माणसाशी बोलतात तशी ती समोरच्याशीही बोलायची. तिच्यामागे काळे टी-शर्ट घातलेली तीन उदास पोरं होती. त्यांचा रॉक बँड होता आणि त्याचं नाव होतं 'निवृत्त मांजरं'. तिघांतलं एकही मांजर बावीसच्या वर नव्हतं.

"बी, आम्हाला तुमचं स्वयंपाकघर एक दिवस हवंय," मेइस्के ओरडली. "गाण्याचा व्हिडिओ करायचाय. माझं शेवटच्या वर्षाचं काम आहे. व्हिडिओ, कॅसेट आणि कॅसेटचं वेष्टण, तिन्ही."

"कॅसेट? अजून निघतात?"

"आमच्यातच निघतात."

"ऐकता कशावर?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. गाणारा दिकदिक हळूच म्हणाला, "ऐकत नाही, बी. ठेवतो."

मेइस्केने ओट्यावर मोठा कागद पसरला. त्यावर चौदा चौकटी आखल्या होत्या. गाण्याचं नाव 'थंड भात'. प्रेयसी येत नाही, भात थंड होतो, एवढीच त्याची गोष्ट. पण चौकटींमध्ये धबधब्याखाली ड्रम वाजवणारा मुलगा होता, फुटणारा आरसा होता आणि एक माणूस होता ज्याचं डोकं माशाचं होतं.

"मासा कशाला?" बी इयेतने विचारलं.

"एकटेपणा आहे तो."

"मग त्याला अजून एक मासा द्या."

"बी, तसं नसतं ते."

बी इयेतने चष्मा लावला आणि चौदाही चौकटी एकेक करून तपासल्या. चारशे माणसांच्या लग्नाचा बेत तपासायची तिची हीच पद्धत होती. मग तिने बोट ठेवलं. "ह्यात भात कुठे आहे?"

"शेवटच्या दृश्यात. थंड झालेला."

"तो गाण्यातला झाला. ही पोरं जेवणार कधी? सकाळी सहाला धबधबा, दहाला आरसा, बाराला डोंगर. ह्याला बघ," तिने ड्रमवाल्याचा दंड चिमटीत धरला, "हा दहालाच पडेल. आणि माशाचं डोकं दुपारपर्यंत टिकेल? वास मारेल."

"कागदाचं आहे, बी."

"मग पावसात जाईल."

तिने भाजीच्या हिशेबाची पेन्सिल घेतली आणि लग्नाच्या यादीतले पाहुणे कापावेत तसं सगळं कापत गेली. धबधबा गेला, आरसा गेला, मासा गेला. उरलं तिचं स्वयंपाकघर. ती नेहमीसारखी डबे भरेल, पोरं मागे उभी राहून वाजवतील, डबे संपले की गाणं संपेल. "डब्याला बारा सेकंद लागतात मला," ती म्हणाली. "तुमचं गाणं किती लांब?"

"चार मिनिटं."

"मग वीस डबे."

मेइस्केचा आवाज एकदम खाली आला. तीन वर्षांत तिला हळू बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. "बी," ती म्हणाली, "हे फार भारी आहे."

"भारी नाही. दुपारपर्यंत आटपतं."

पैसे घ्यायला ती तयार होईना. मग हवंय काय, असं दिकदिकने विचारलं. बी इयेतने फडकं घेतलं आणि स्वच्छ ओटा पुन्हा पुसला. "तुमच्या त्या कॅसेटवर नावं छापता ना?"

"हो, सगळ्यांची. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत."

"बारीक नको, जांग." पोराला ती जांग म्हणायची आणि पोरीला नेंग. "चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे. पूर्ण नाव. इयेत रोहाएती. पहिल्या पानावर." ती थांबली. मग जे बोलायचं नव्हतं तेही बोलून गेली. "आणि फोटो."

मेइस्केने तिच्या हातावर हात ठेवला आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वचन दिलं.

चित्रीकरण ठरल्या दिवशी झालं. बी इयेतने पहाटे अंगणात खराटा उलटा रोवला, काड्यांना मिरच्या आणि कांदे टोचले, त्यामुळे पाऊस पलीकडच्या गल्लीत पडला. तिकडच्यांनी नंतर बरंच ऐकवलं. पोरांना दुःखी दिसायला सांगितलं होतं. ती जन्मतःच तशी दिसत होती, पण ड्रमवाल्याची नजर दर वेळी अंड्यांवर जायची आणि चेहऱ्यावर आशा यायची. सहा वेळा पुन्हा करावं लागलं, आणि दर वेळी आधीचे वीस डबे पोरांनी खाऊन मोकळे केले. सातव्या वेळी पोटं इतकी भरली होती की तिघांच्याही चेहऱ्यावर खरंखुरं दुःख उमटलं. तेच ठेवलं.

संध्याकाळी आवराआवर करताना मेइस्केने एक कॅसेट सहज रिकाम्या बेसेकमध्ये टाकली, झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं, आणि किंचाळली. अल्बमचं वेष्टण सापडलं होतं. दोनशे बेसेक, प्रत्येकात केळीच्या पानावर एक कॅसेट आणि गाण्यांची छोटी पुस्तिका.

"आणि?" बी इयेतने विचारलं.

"आणि काय? एवढंच."

"म्हणजे रिकामाच की."

"रिकामा कसा? कॅसेट आहे ना."

बी इयेतने डबा उघडून आत पाहिलं. तिच्या घरातून खायला काही नसलेला बेसेक आजवर बाहेर गेला नव्हता. तिने मनातल्या मनात दोनशे अंडी उकडायला टाकली.

पुस्तिका छापायचं काम शहराच्या दुसऱ्या टोकाला, छापखान्यांच्या रस्त्यावर, कांग ओहिमकडे दिलं. तिथे सगळ्यांत स्वस्त होतं, कारण कांग ओहिमकडे तळहाताएवढ्या पुस्तिकेचा साचा तयारच असायचा. कुणी गेलं की चाळिसाव्या दिवशी प्रार्थनेची छोटी पुस्तिका वाटतात ना, ती तो तीस वर्षं छापत होता. हिरवं मखमली कव्हर, सोनेरी अक्षरं, पहिल्या पानावर वेलबुट्टीच्या लंबगोलात गेलेल्याचा फोटो, खाली नाव आणि दोन तारखा. मेइस्केच्या मिनाडोत घरचे सगळे चर्चमध्ये जाणारे. अशी पुस्तिका तिने कधी हातात धरली नव्हती. कांग ओहिमने फोनवर विचारलं, "पहिल्या पानासाठी बाईंच्या ओळखपत्रावरून फोटो, पूर्ण नाव, जन्मतारीख मिळाली. दुसरी तारीख कुठली टाकू?"

"शनिवारची," मेइस्के म्हणाली. तिच्या डोक्यात प्रकाशनाचा दिवस होता.

"येत्या?"

"हो."

"आधीच ठरलंय?"

"अहो, हॉलसुद्धा घेतलाय."

"एवढं नियोजन हल्ली कुणी करत नाही," कांग ओहिम खोल आवाजात म्हणाला. "बाईंना माझा सलाम सांगा." आणि आतल्या पानांवर त्याने गाणी छापली. तीस वर्षांत लोकांच्या शेवटच्या इच्छा त्याने बऱ्याच पाहिल्या होत्या.

पुस्तिका शनिवारी पहाटे आल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. मेइस्केला त्यांचं रूप इतकं आवडलं की ती रडली. पोरांनी एकेक उघडली आणि आपापलं नाव असलेलं पान शोधलं. मागचं पुढचं बघायची बँडमध्ये पद्धत नसते. बी इयेत सहालाच हॉलकडे निघून गेली होती. व्हिडिओत तिच्या मागे जसे डबे रचले होते तसेच मंचावर रचायचे होते, आणि ते दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नव्हतं.

आता गल्लीचं देणं राहिलं होतं. गल्लीचे प्रमुख पा रुहियात यांनी चित्रीकरणाला परवानगी देताना अट घातली होती, की एवढा दणदणाट सोसायचा तर प्रत्येक घरात काहीतरी पोचलं पाहिजे. म्हणून दहाच्या सुमाराला तिघं काळ्या टी-शर्टातली पोरं, मान खाली घालून, घरोघर एकेक बेसेक देत फिरली. "बी इयेतकडून," एवढंच ती म्हणायची. अनोळखी माणसांसमोर ती नेहमीच एवढंच बोलायची.

चेऊ पोपोनने झाकण उघडलं. ही बी इयेतची शेजारीण, पस्तीस वर्षं तिच्याशी खोबऱ्याच्या चुऱ्यावरून भांडत आलेली. आत केळीचं पान, त्यावर अंडं, त्याशेजारी हिरवी मखमली पुस्तिका. तिने पहिलं पान उघडलं. लंबगोलातून बी इयेत तिच्याकडे बघत होती, ओळखपत्राच्या फोटोतल्यासारखी, न हसता. खाली नाव, जन्मतारीख आणि आजची तारीख.

अर्ध्या तासात गल्लीतल्या बायका ओढणीखाली तांदूळ आणि साखर घेऊन बी इयेतच्या घराकडे निघाल्या.

अबाह उजूंना बायकोने बजावून ठेवलं होतं, की आज माझं नाव छापून येतंय, लोक भेटायला येतील, नीट बोला. म्हणून ते स्वच्छ टोपी घालून चटईवर बसले होते. पा रुहियातांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि चांगल्या कानाजवळ जाऊन विचारलं, "कधी गेली, अबाह?"

"सकाळी सहाला."

"काही त्रास?"

"छे. आनंदात गेली. नवे कपडे घालून."

"आणणार कधी?"

"रात्री नऊपर्यंत, म्हणाली."

हे शेवटचं कुणाला नीट कळलं नाही, पण दुःखात माणूस काहीही बोलतो म्हणून सोडून दिलं. मागे बसलेला एक म्हातारा कुजबुजला, "सकाळी सहाला गेली आणि दहाला पुस्तिका छापून हातात? अंडं उकडून?"

"इयेतची शिस्तच तशी," चेऊ पोपोन डोळे पुसत म्हणाली. "आयुष्यात कधी डबा उशिरा गेला नाही तिचा. जाताना सगळं तयार ठेवून गेली असेल. आणि खोबरं... आता सांगते, तिचं खोबरं माझ्यापेक्षा बरं व्हायचं. जरासं." मग तिने नाक शिंकरलं आणि अबाहच्या जवळ सरकली. "अबाह, तो मोठा भात वाफवायचा टोप आहे ना, त्याचं काय ठरलंय?"

पा रुहियातांनी प्रार्थनेसाठी खाकरून पुस्तिका उघडली. चाळीस घरांनी उघडली. पा रुहियातांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फोटोनंतरच्या पहिल्याच पानावर 'माझ्या स्कूटरचा ब्रेक आणि तुझं हृदय' असं शीर्षक होतं. त्यांनी पान उलटलं. तिथे 'ओ ओ ओ' असं चार वेळा लिहिलं होतं.

"प्रार्थना मनातल्या मनात करू या," ते म्हणाले. सगळ्यांनी पुस्तिका मिटल्या आणि माना खाली घातल्या.

नेमक्या त्याच वेळी बी इयेत परत आली. हॉलमध्ये डबे रचून झाले होते, पण चष्मा घरी राहिला होता, आणि चष्म्याशिवाय तिला आपलं नाव दिसतं की नाही हे चष्मा लावून तपासायचं होतं. मेइस्के स्कूटरवर तिला सोडायला आली होती. दारात चपलांचा ढीग बघून बी इयेत थबकली. तिने सवयीने चपला मोजल्या. चाळीस-बेचाळीस माणसं. अनेक वर्षांत बसला नव्हता असा घाव तिच्या काळजाला बसला. माझ्या घरात मयताची बैठक, आणि डब्यांचं काम मला सांगितलं नाही!

ती मागच्या रांगेत वाकली आणि शेजारच्या बाईच्या कानात म्हणाली, "कोण गेलं ग?"

"इयेत," ती बाई हुंदका देत म्हणाली.

"कुठली इयेत?"

"आपली."

"अरेरे," बी इयेत म्हणाली, आणि मग तिने पुढे विचारलं, "डबे कुणाकडे दिलेत?"

बाईने डोळे उघडले. नंतर जे झालं त्यात दोन खिडक्यांचे पडदे फाटले, पा रुहियातांची एक चप्पल कायमची हरवली आणि सगळी कबुतरं एकदम उडाली. अबाह तेवढे जागचे हलले नाहीत. "लवकर आलीस," ते म्हणाले.

सगळा उलगडा व्हायला अर्धा तास लागला. पुस्तिका म्हणजे काय असते हे पा रुहियातांनी मेइस्केला समजावून सांगितलं तेव्हा तिचा चेहरा भातासारखा पांढरा पडला. ती एकदम खाली बसली आणि पिशवीतून कागद कापायची सुरी काढली.

"कापते, बी. ते पान कापून टाकते. एकशे साठ उरलेत, सातच्या आत होतील. माझंच चुकलं."

"कापच," चेऊ पोपोन म्हणाली. डोळे अजून ओले होते आणि राग येऊ लागला होता, कारण खोबऱ्याबद्दल ती बोलून बसली होती. "जिवंत बाईचं असं छापलेलं घरात ठेवतात का कुणी? अपशकुन!"

"तसंच आहे, इयेत," पा रुहियातही म्हणाले. "नाव काढून टाकलेलं बरं. लोक काय म्हणतील?"

सगळेच बोलू लागले. चाळीस जणांचं एकमत झालेलं ह्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. बी इयेतने चष्मा शोधला, लावला आणि पुस्तिका हातात घेतली. इयेत रोहाएती. सोनेरी, ठसठशीत. चष्मा काढला. तरी दिसत होतं. आपण जरा रागावल्यासारख्या दिसतो, हे तिच्या लक्षात आलं.

अबाहने मान पुढे काढली. "तू इथे आहेसच ना समोर. मग कागदावर कशाला हवीस?"

"आहे म्हणूनच," बी इयेत म्हणाली. मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "मी मेल्यावर हे असंच छापणार आहात. हाच फोटो, हीच वेलबुट्टी. चेऊ पोपोन असंच रडणार आणि टोपाचं विचारणार. तेव्हा बघायला मी नसेन. आता आहे. सुरी ठेव, नेंग."

"पण बी, तारीख..."

"तारखेने काय होतं? शनिवार तर आहेच."

मेइस्केने सुरी ठेवली. बसायला आलेली माणसं तशीच बसून राहिली, कारण अशा बैठकीतून रिकाम्या पोटी उठायचं नसतं आणि हे सगळ्यांना एकाच वेळी आठवलं. बी इयेतने तोंडात काहीतरी पुटपुटत त्यांनीच आणलेला तांदूळ धुवायला घेतला. चेऊ पोपोन न बोलावता आत गेली आणि नारळ खवायला बसली.

सात वाजता कॉलेजचा हॉल भरला. व्हिडिओ चालू झाला. पडद्यावर बी इयेतचे हात डबा उघडत होते, भरत होते, मिटत होते, आणि मागे तीन मुलं पोट भरल्याच्या दुःखात गात होती. दाराशी विकत घेतलेले बेसेक लोकांच्या मांडीवर होते. एक प्राध्यापक अंड्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. विसावा डबा मिटला, पडदा काळा झाला, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं, एकटंच, सगळ्यांच्या आधी: इयेत रोहाएती.

टाळ्या वाजल्या नाहीत. पुढच्या रांगेतला एक लांब केसांचा मुलगा उठून उभा राहिला. त्याने पुस्तिका वाचली होती. तो उठला तशी त्याची रांग उठली, मग मागची, मग सगळा हॉल. दोनशे तरुण मुलंमुली, काळ्या कपड्यांत, हात पुढे बांधून, माना खाली घालून उभी राहिली. कुणीतरी मुसमुसलं. मंचावर दिकदिकचा हात माइककडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला. काय बोलावं हे कुठल्याच गाण्यात नव्हतं.

तिसऱ्या रांगेत बी इयेतने इकडे तिकडे पाहिलं. सगळे उभे होते. आपण बसून राहणं बरं दिसत नव्हतं. तीही उठली, कपडे सारखे केले, हात बांधले आणि मान खाली घातली.

"बी!" शेजारून मेइस्के कुजबुजली, म्हणजे निम्म्या हॉलला ऐकू गेलं. "बी, अहो, हे तुमच्यासाठीच उभे आहेत! सांगते मी ह्यांना! थांबवते!"

"गप ग," बी इयेत मान वर न करता म्हणाली. "उभे राहू दे. एक मिनिटाचंच तर असतं."